पडद्यावरचे मरण आणि खरे मरण
(डॉ. कोटणीस कशाने गेले, आणि त्यात आपण काय शिकावे)



गाळप हंगाम सुरू होण्याआधी आपल्या सभागृहात 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा जुना चित्रपट दाखवला, तेव्हा पुष्कळ मंडळी सहकुटुंब आली होती. चित्रपट १९४६ सालचा, व्ही. शांताराम यांचा. डॉक्टरांचे कामही त्यांनीच केले आहे. आपल्या सोलापूरचा माणूस पडद्यावर पाहताना म्हाताऱ्या मंडळींचेही डोळे ओले झाले. ते साहजिकच आहे.

चित्रपट संपल्यावर चहा घेताना दोन प्रश्न निघाले. एका जाणत्या सभासदाने विचारले, "काय हो, डॉक्टरसाहेब खरंच त्या साथीच्या रोगानं गेले का?" मागे बसलेल्या एका भगिनीने दुसरा प्रश्न टाकला, "मालिकेत डॉक्टर बाहेर येतो, ऑपरेशन यशस्वी झालं म्हणतो, की सगळं संपलं. मग आमच्या दिराला ऑपरेशन चांगलं होऊनही आठव्या दिवशी ताप का भरला?"

दोन्ही प्रश्न चहाच्या कपाबरोबर संपवण्यासारखे नव्हते. म्हणून या अंकात त्यांची उत्तरे जरा सविस्तर देत आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे. पण वाचून, विचारून, खात्री करून घेऊन जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

खरी हकीगत

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात ते डॉक्टरी शिकले. १९३८ साली जपानने चीनवर केलेल्या आक्रमणात तिकडे जखमींचे ढीग पडत होते आणि डॉक्टर नव्हते. चीनचे सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंकडे मदत मागितली. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. वर्गणी गोळा झाली आणि पाच डॉक्टरांचे पथक निघाले. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे आपले डॉ. कोटणीस. वय अवघे अठ्ठावीस.

बाकीचे चौघे यथावकाश परत आले. कोटणीस राहिले. १९४० साली लढाईच्या ऐन धामधुमीत त्यांनी एकदा सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्याची नोंद आहे. तीन दिवस, तीन रात्री! जानेवारी १९४१ मध्ये ते तिथल्या बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी गुओ छिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनहुआ. चिनी भाषेत 'यिन' म्हणजे हिंदुस्थान आणि 'हुआ' म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी डॉक्टर गेले. वय बत्तीस.

चित्रपटात काय दाखवले? डॉक्टर एका भयंकर साथीवर, प्लेगसारख्या रोगावर, इलाज शोधतात. मध्येच जपानी सैन्याच्या तावडीत सापडतात, सुटतात. आणि शेवटी त्याच रोगाने जातात.

खरी गोष्ट तशी नाही. डॉक्टर कोटणीस अपस्माराने गेले. आपण ज्याला फेफरे, फीट, मिरगी म्हणतो, तोच आजार. १९४२ मध्ये तो त्यांच्या मागे लागला आणि एकामागून एक आलेल्या झटक्यांत त्यांचा अंत झाला.

मग चित्रपटात प्लेग का आला? कारण सांगायला आज कोणी नाही; पण आम्हांला आपले असे वाटते की, प्रेक्षकाला वीराचे मरण वीरासारखे लागते. गोळी लागून, साथीशी झुंजत, कुणाचा तरी जीव वाचवताना. 'फीट येऊन गेले' म्हटले की लोकांना ते कमीपणाचे वाटते. आपल्या मुलखाला प्लेग ठाऊकही होता. गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिल्याच्या गोष्टी आपल्या आज्या-पणज्या सांगत. आणि प्लेगवर लस शोधणारा, ती १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःलाच टोचून घेणारा डॉ. हाफकिन हा मुंबईतच झाला. तेव्हा पडद्यावरचे ते चित्र अगदी हवेतले नव्हे. फक्त ते डॉ. कोटणीस यांचे नव्हे.

ज्यांचे नाव रुग्णालयाला, त्यांचे मरण

डॉ. कोटणीस ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले त्याला डॉ. नॉर्मन बेथून यांचे नाव होते. हे कॅनडाचे शल्यविशारद. स्पेनच्या यादवी युद्धात आघाडीपर्यंत रक्त नेऊन जखमींना भरायची सोय करणारे. १९३८ मध्ये तेही चीनला आले. १९३९ च्या ऑक्टोबरअखेर एका जखमी सैनिकावर शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला जखम झाली. हातात रबरी मोजे नव्हते. तशाच बोटाने ते पुढचे रोगी तपासत, कापत राहिले. बोट सुजले, हात चढला, ताप भरला आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते गेले. बोटाला जखम झाल्यापासून दोन आठवडे सुमारे!

आता त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

शस्त्रक्रिया म्हणजे काय? कातडी हे आपल्या शरीराचे कुंपण. शस्त्रक्रियेत डॉक्टर जाणूनबुजून त्या कुंपणाला खिंडार पाडतो, आतले काम करतो आणि खिंडार शिवतो. पण तेवढ्या वेळात जंतू आत शिरले तर? उसाला खोडकिडीने भोक पाडले की पाठोपाठ बुरशी शिरते, तसेच. किडीने पाडलेले भोक लहान असते. नुकसान मागाहून दिसते.

जंतू शिरले की लगेच ताप येतो असे नाही. ते आत वाढतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत केव्हाही टाक्याची जागा लाल होते, गरम लागते, ठणकते, पू धरते. कधी कधी महिन्याभरानेही. जंतूंशी लढताना शरीराचा तोल सुटला की त्याला 'सेप्सिस' म्हणतात. जुने लोक 'रक्तात विष भिनलं' म्हणत. त्यात रक्तदाब खाली येतो, धाप लागते, लघवी कमी होते, माणूस बरळतो, मूत्रपिंडे थकतात. बेथून यांचे हेच झाले.

म्हणजे मालिकेतला डॉक्टर खोटे बोलत नाही. पण अर्धेच सांगतो. "ऑपरेशन यशस्वी झालं" हे गव्हाणीत मोळी पडण्यासारखे आहे. साखर पोत्यात भरायला अजून रस, पाक, पॅन, सेंट्रिफ्यूगल सगळे बाकी आहे. शस्त्रक्रियेनंतरचे दहा दिवस हे त्या घरचे खरे गाळप.

हात धुण्याची शंभर वर्षांची लढाई

आज हे आपल्याला सोपे वाटते, पण डॉक्टरांनाच ते पटायला फार वर्षे लागली. १८४७ साली व्हिएन्ना शहरात सेमेलवाइस नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या वॉर्डात बाळंतिणी तापाने पटापट मरत. त्याच साली त्यांचे एक स्नेही, प्राध्यापक कोलेच्का, शवविच्छेदन चालू असताना विद्यार्थ्याच्या हातातली सुरी बोटाला लागून गेले. बेथून यांच्यासारखेच! सेमेलवाइस यांनी पाहिले की, मित्राच्या शरीरात जी लक्षणे तीच बाळंतिणींच्या. म्हणजे प्रेते चिरून तसेच प्रसूतीला येणाऱ्या डॉक्टरांच्या हातांनीच रोग जात होता.

त्यांनी काय केले? आपली ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या ब्लिचिंग पावडरीचे पाणी दारात ठेवले आणि हात धुतल्याशिवाय आत यायचे नाही असा दंडक घातला. एप्रिल १८४७ मध्ये शंभरात अठरा बाळंतिणी मरत होत्या. जूनमध्ये ते प्रमाण शंभरात दोनवर आले. तरी मोठमोठ्या डॉक्टरांना राग आला. आमचे हात घाणेरडे म्हणता काय! सेमेलवाइस बिचारे अपमानातच गेले. पुढे १८६७ मध्ये इंग्लंडचे लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखमा व हत्यारे स्वच्छ ठेवण्याची पद्धत छापून प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे जग वळले.

रबरी मोज्यांची गोष्ट तर गमतीची आहे. अमेरिकेत हॉलस्टेड नावाच्या शल्यविशारदाने १८८९-९० च्या सुमारास ते करवून घेतले ते रोग्यासाठी नव्हे, तर आपल्या परिचारिकेसाठी. हात धुण्याच्या जहाल औषधाने तिच्या हातांची कातडी जात होती. मोजे तिच्यासाठी आले, आणि लाखो रोग्यांचे प्राण वाचवून गेले.

मग बेथून यांच्याकडे औषध नव्हते काय? सल्फाची औषधे १९३५ नंतर जगात आली होती, पण वेढा पडलेल्या डोंगराळ मुलखात औषधांचाच दुष्काळ. आणि पेनिसिलीन? ते १९२८ मध्ये सापडले खरे, पण माणसावर त्याचा पहिला मोठा प्रयोग ऑक्सफर्डच्या एका पोलिसावर झाला, फेब्रुवारी १९४१ मध्ये. पोलीस सुधारू लागला. पण औषध इतके थोडे की, त्याच्या लघवीतून परत काढून पुन्हा टोचत होते! शेवटी ते संपले आणि पोलीस दगावला. त्या वर्षी डॉ. कोटणीस चीनमध्ये त्या रुग्णालयाचा भार वाहत होते. आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला.

यात आपल्या धंद्याचाही थोडा वाटा आहे, बरं का. उसाच्या मळीपासून अल्कोहोल होते आणि अल्कोहोलवाचून दवाखान्याचे स्पिरीट नाही. २०२० मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा राज्यातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांनी सॅनिटायझर तयार करून दिले, हे आपल्याला आठवत असेल. सेमेलवाइस यांच्या दारातल्या पाण्याचे काम तेव्हा आपल्या मळीने केले.

आता फीटविषयी

चित्रपट संपल्यावर सगळे गेले, तरी एक सभासद मागे रेंगाळले होते. बराच वेळ काही बोलेनात. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेबांना फीट यायची, हे खरं का?" आम्ही हो म्हटले. ते म्हणाले, "माझ्या पोरीला येते. आठ वर्षं झाली. कुणाला सांगितलं नाही. देवऋषी केला, दोरे केले. शाळा सोडवली. असं कुणी आधी सांगितलं असतं तर..." पुढे त्यांना बोलवेना.

मंडळी, पडद्यावरचे मरण आणि खरे मरण यांत फरक असला तर बिघडले कुठे, असे कोणी विचारील. बिघडले ते इथे. प्लेगने गेलेला वीर, आणि फीट येणारा मात्र 'बाहेरचं झालेला', ही समजूत आपल्या घरांतून पोरीबाळींना शाळेतून काढते. ज्याने रणांगणावर शेकडो शस्त्रक्रिया केल्या त्या माणसाला फीट येत होती, हे सोलापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक घराला ठाऊक असले पाहिजे.

फीट म्हणजे मेंदूतला विजेचा गोंधळ. आपल्या मेंदूचे सगळे काम बारीक विजेच्या इशाऱ्यांवर चालते. मोटारीच्या स्टार्टरमध्ये शॉर्ट झाला की मोटार जशी गचके खाते, तसे काही क्षण मेंदूचे होते. माणूस पडतो, आखडतो, झटके येतात, तोंडाला फेस येतो. त्यात भूत नाही, करणी नाही. तो संसर्गजन्यही नाही. जन्माच्या वेळची इजा, डोक्याला लागलेला मार, मेंदूज्वर, अर्धांगाचा झटका अशी कारणे असतात. आपल्याकडे आणखी एक कारण आढळते, ते म्हणजे डुकरांमधल्या पट्टकृमीची अंडी घाणीतून पाण्यावाटे, कच्च्या भाजीवाटे पोटात जाऊन मेंदूत गाठ होणे. मांस न खाणाऱ्यालाही ते होते, म्हणून भाजी धुवून खावी आणि शौचालय वापरावे हे नुसते सरकारी घोषवाक्य नव्हे. पुष्कळदा कारण सापडतही नाही.

मालिकांत आणि सिनेमात फीट आली की कोणीतरी कांदा फोडतो, चप्पल हुंगवतो, हातात किल्ल्यांचा जुडगा देतो, आणि माणूस शुद्धीवर येतो. आपणही तेच करतो. याचे गुपित ऐका. बहुतेक फीट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबते. चप्पल शोधून आणेपर्यंत तेवढा वेळ गेलेलाच असतो. थांबते फीट, नाव होते चपलेचे!

पण प्रत्येक फीट आपोआप थांबत नाही. पाच मिनिटांवर चालली, किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरी, तिसरी येत राहिली, तर तो जिवाचा प्रसंग. डॉ. कोटणीस गेले ते अशा फीटवर फीट येऊन. फेनिटॉइन हे फीटवरचे औषध १९३८ मध्येच सापडले होते, पण लढाईच्या मुलखात जिथे रबरी मोजे मिळत नव्हते तिथे ते कोठून येणार? आपल्याकडे मात्र आज औषध आहे. ते नियमित घेणाऱ्या दहांपैकी सुमारे सात जणांच्या फीट आटोक्यात राहू शकतात. मुलगी शिकू शकते, लग्न करू शकते, बाळंतपणही सुखरूप होते. फक्त डॉक्टरांना आधी सांगावे लागते. हिंदू विवाह कायद्यात फीटचा आजार लग्नाला अडसर ठरवणारे कलम होते. तेही १९९९ मध्ये काढून टाकले. कायदा बदलला, आता सोयरिक जुळवणारांनी बदलायचे आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. "बरं वाटतंय" म्हणून गोळ्या एकदम बंद करू नका. फीटवर फीट येण्याचे ते एक मोठे कारण आहे. जाग्रण हे दुसरे. आपल्या हंगामात तोडणीवाले, वाहनवाले पहाटे तीनला उठतात, रात्र-रात्र काट्यावर थांबतात. ज्याला फीटचा त्रास आहे त्याने जागरणाची पाळी, ट्रॅक्टर चालवणे, विहिरीत पोहणे, उंचावर चढणे, चालू यंत्राजवळचे काम टाळावे. टोळीत असा कोणी असेल तर मुकादमाने त्याला हिणवू नये. काम बदलून द्यावे.

एवढे करा

फीट आली तर : घड्याळ पाहा. जवळचा कोयता, दगड, चूल बाजूला सारा. डोक्याखाली मऊ फडके ठेवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा. झटके ओसरताच कुशीवर वळवा, म्हणजे लाळ घशात जाणार नाही. दाबून धरू नका. दातांत चमचा, बोट, काहीही घालू नका. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, पुन्हा आली, पाण्यात आली, डोक्याला लागले, बाई गरोदर असेल किंवा आयुष्यातली पहिलीच फीट असेल, तर १०८ ला फोन करा.

कोयता लागला तर : वाहत्या पाण्याने आणि साबणाने जखम चांगली धुवा. स्वच्छ फडक्याने दाबून धरा. माती, राख, तंबाखू, चुना, कोळ्याचे जाळे यांतले काहीही भरू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन जखम दाखवा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेण्याविषयी विचारा. बोट सुजून लाली वर चढू लागली, थंडी वाजून ताप आला, तर "उद्या बघू" म्हणू नका. बेथून यांच्यासारख्या निष्णात डॉक्टरलाही त्या उद्याने सोडले नाही.

शस्त्रक्रिया झाली तर : सुटी देताना डॉक्टरांना विचारून घ्या की, ताप किती आला तर परत यायचे, टाके कधी काढायचे, गोळ्या किती दिवस. जखमेला हात लावण्याआधी हात धुवा. भेटायला येणाऱ्या गोतावळ्याला दारातूनच नमस्कार करायला सांगा. टाक्यातून पू, वाढता ठणका, धाप, बरळणे, लघवी कमी, पोटरी सुजून दुखणे यांतले काहीही दिसले तर अंगारा न लावता दवाखाना गाठा. गोळ्यांचा कोर्स अर्ध्यावर सोडू नका, आणि शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्याही घेऊ नका.

सोलापुरात भैय्या चौकाजवळ डॉ. कोटणीस यांचे घर स्मारक म्हणून जतन केले आहे. सिव्हिलला किंवा बाजाराला गेलात तर पोराबाळांना घेऊन तिथे जरूर जा. चित्रपटही पुन्हा पाहा. तो चांगलाच आहे. फक्त शेवट आला की शेजारी बसलेल्या मुलाला सांगा, हे डॉक्टर प्लेगने गेले नाहीत, त्यांना फीट येत होती, आणि तरीही ते इतके मोठे झाले.

त्या सभासदांची मुलगी सोलापूरच्या सरकारी रुग्णालयात दाखवून आली. गोळ्या सुरू आहेत. जूनमध्ये तिचे नाव पुन्हा शाळेत घालायचे, असे त्यांनी आम्हांला कळवले आहे.

हंगामात हात जपा, झोप जपा. जय सहकार!